चाळीस फुटांवरची आत्या

माझ्या भाचीचं नाव तिच्या आधी समोरच्या बिल्डिंगला कळलं.

याचं सगळं खापर आमच्याकडे माझ्या लेन्सवर फोडलं जातं. म्हणून आधी लेन्सबद्दल सांगते, कारण तिची बाजू मांडणारं दुसरं कोणी नाही.

पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून मी मिररलेस कॅमेरा घ्यायचं ठरवलं होतं. आम्ही ठाण्याला माजिवड्यात राहतो, खाडी जवळ आहे. हिवाळ्यात तिथे पक्षी येतात आणि पक्ष्यांचा मोठा गुण असा की ते तुमच्याजवळ येऊन ‘मग, लग्नाचं काय?’ असं विचारत नाहीत. मी कित्येक महिने अभ्यास केला. मोठ्या सेन्सरची बॉडी, म्हणजे लेन्स नसलेला नुसता कॅमेरा, महाग. छोट्या सेन्सरची स्वस्त, शिवाय तिच्यात लांबचं अजून जवळ दिसतं. बॉडी दोन-चार वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स टिकते. म्हणजे बॉडी साधी आणि सगळा पैसा लेन्समध्ये. हे सगळं मी एकटीने, कोणालाही न विचारता ठरवलं. चूक तिथेच झाली. आमच्याकडे मिक्सर घ्यायचा असला तरी कल्याणहून शुभाआत्या येते.

शुभाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आली, सोफ्यावर बसली आणि चौकशी सुरू झाली.

“मिररलेस म्हणजे काय?” बाबांनी विचारलं.

“आधीच्या कॅमेऱ्यांत आत एक आरसा असायचा. यात नसतो.”

“म्हणजे एक पार्ट कमी.”

“हो, पण त्यामुळे...”

“आणि किंमत जास्त.”

बाबा एका कंपनीच्या खरेदी विभागातून रिटायर झालेत. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तो आरसा मीच काढून विकला होता.

“आणि लेन्स वेगळी घ्यायची?” आत्या म्हणाली. “अगं, म्हणजे फ्लॅट घ्यायचा आणि खिडक्या नंतर विकत घ्यायच्या?”

(असेही बिल्डर असतात, असं दादा म्हणाला. तो डोंबिवलीत राहतो. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.)

दुकानात बाबा सोबत आले. त्यांनी बॉडी हातात घेतली, वरखाली केली आणि “हलका आहे,” असं तक्रारीच्या सुरात म्हणाले. मी शंभर ते चारशे मिलिमीटरची लेन्स मागितली. या लेन्सचा हिशेब सोपा आहे: आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं आणि तितकं कमी फोटोत मावतं. खाडीच्या त्या टोकाला बसलेल्या बगळ्यासाठी ती उत्तम.

“मॅडम, एक छोटी लेन्स पण घ्या ना,” काउंटरवरचा माणूस म्हणाला. “फॅमिलीसाठी.”

छोट्या लेन्सने फोटो काढायचा तर माणसाच्या जवळ जावं लागतं. जवळ गेलं की माणूस बोलतो. ते टाळण्यासाठीच तर हा सगळा खर्च होता.

“फॅमिलीचे फोटो मी काढणार नाहीये,” मी म्हटलं. दुकानात इतक्या ठामपणे मी पहिल्यांदाच बोलले. (एरवी ड्रेस काखेत टोचत असला तरी मी ‘छान आहे’ म्हणून पैसे देऊन येते.)

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाला मुलगी झाली.

“फोटोग्राफर कशाला?” बारशाची बोलणी चालू असताना शुभाआत्या म्हणाली. “घरात एवढा महागाचा कॅमेरा आहे. तनू काढेल.”

“आत्या, ती लेन्स लांबच्या गोष्टींसाठी आहे.”

“मग लांबून काढ.”

या वाक्यावर सगळे हसले. मीही हसले. मला काय माहीत, की तो प्लॅन होता.

माझ्यावर अजून एक काम होतं आणि ते जास्त महत्त्वाचं होतं. मी बाळाची आत्या. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव मीच सांगायचं. ते नाव दादा-वहिनीने फक्त मला सांगून ठेवलं होतं, कारण शुभाआत्याला तिच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं, मंदाकिनी हे नाव हवं होतं आणि आमच्या घरात शुभाआत्याला ‘नको’ म्हणायची पद्धत नाही.

“तनू, तू एकदा कानात सांगितलंस की झालं,” वहिनी माझा हात धरून म्हणाली. “मग कोणी बदलू शकत नाही. तेवढं कर हं माझ्यासाठी.”

वहिनी स्वतःसाठी कधी काही मागत नाही. मी ‘हो’ म्हटलं आणि आरशासमोर उभी राहून चार वेळा पुटपुटण्याची प्रॅक्टिसही केली. पुटपुटणं मला जमतं.

दादाचा फ्लॅट डोंबिवलीत मानपाड्याला आहे. तिसरा मजला, वन बीएचके. बारशाच्या दिवशी हॉलमध्ये पाळणा, पाळण्याभोवती बायका, बायकांभोवती खुर्च्या आणि उरलेल्या जागेत घुगऱ्यांचं पातेलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. फोटोत शुभाआत्याच्या नथीचे दोन मोती आले. अप्रतिम आले, पण दोनच.

मी मागे सरकले. आता अर्धा गाल आला. आणखी मागे सरकले आणि दाराबाहेर पोचले. तिथून मागे जात जात पॅसेज ओलांडून समोरच्या शेजाऱ्यांच्या घरात शिरले. ते लोक जेवत होते. त्यांनी मला ताटांमधून वाट दिली. तिथून दोन दारांमधून बघितलं तर फोटोत पाहुण्यांच्या चपला आणि पाळण्याचा एक पाय.

“एवढे पैसे घातले आणि बाळ मावत नाही?” आत्या म्हणाली. “माझ्या फोनमध्ये अख्खं घर मावतं.”

“मग फोननेच काढू या ना.”

“अजिबात नाही. सगळ्यांनी फोन बेडरूममध्ये ठेवा. मध्ये मध्ये हात येतात. आपली तनू काढतेय.”

सगळ्यांनी फोन ठेवले. माझा फोन आईने आधीच स्पीकरला जोडून त्याच्यावर पाळणागीतं लावली होती.

तोडगा बाबांनी काढला. “समोरच्या बिल्डिंगमधून घे,” ते म्हणाले. “तिथून आपला अख्खा हॉल दिसतो. म्हणून तर मी यांना सांगत असतो, पडदे लावा.”

ज्या मुलीला रिक्षावाल्याकडे सुट्टे मागवत नाहीत, तिला अनोळखी घराची बेल वाजवायला पाठवताना यांना काहीच वाटलं नाही. जिने चढताना मी वाक्य तयार केलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. दार एका वयस्कर काकूंनी उघडलं.

“काकू, मला तुमच्या किचनमधून माझ्या भावाच्या घराचे फोटो काढायचे आहेत.”

मोठ्याने ऐकल्यावर हे वाक्य फार वाईट वाटलं.

“कोनची गो तू?” काकूंनी विचारलं. मी खिडकीतून समोर बोट दाखवलं. बाबांनी तिकडून हात केला. “अगो बाय, बारसं हाय व्हय! ये, ये. चाय ठेवू?”

या काकूंचं नाव म्हात्रेकाकू. त्यांनी ओट्यावरचे डबे बाजूला केले, ग्रिलमधली तुळस सरकवली आणि मी दोन गजांमधून लेन्स बाहेर काढली. चाळीसेक फुटांवर हॉल अगदी नीट बसला. पाळणा, बायका, बाबा, पातेलं, सगळं. मी आयुष्यात इतक्या योग्य अंतरावर कधीच उभी नव्हते.

तेवढ्यात आईने गॅलरीत येऊन आवाज दिला, “अहो, तुम्हीपण या ना बारशाला!” आमची आई हे कोणालाही म्हणते. पण काकू खरंच निघाल्या. साडी बदलली, पायात चपला सरकवल्या, दार ओढलं. बाहेर कडी वाजली. मग कुलूप.

“काकू,” मी म्हटलं. फ्रिजला ऐकू गेलं असेल.

थोड्या वेळाने काकू मला लेन्समधून दिसल्या. पहिल्या रांगेत, खुर्चीवर, हातात घुगऱ्यांची वाटी. कमरेला चावी. चावी अगदी शार्प दिसत होती.

मी जोरजोरात हात हलवला. समोर सगळ्यांनी केस नीट केले आणि हसून पोज दिली.

“चला, नाव ठेवून घ्या,” शुभाआत्या म्हणाली. (तिचं बोलणं ऐकायला लेन्स लागत नाही.) “बारा वाजत आले. बारानंतर चालायचं नाही. तनू कुठाय?”

बाबांनी गॅलरीत येऊन मला ‘ये’ अशी खूण केली. मी मान हलवली आणि हवेत चावी फिरवून दाखवली. बाबांनी अंगठा वर केला आणि आत वळून म्हणाले, “झूम करतेय.”

“करू दे. ती काही वेळेत यायची नाही,” आत्या म्हणाली. “मी सांगते नाव.”

“पण आत्याने सांगायचं असतं ना?” वहिनीने हळूच विचारलं, हे मला नंतर कळलं.

“मग मी कोण आहे? बाळाच्या बापाची आत्या. आत्या ती आत्याच.”

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा पंख्याकडे बघत होता. (आमच्या घरातले पुरुष अडचणीत पंख्याकडे बघतात. पंखा बंद होता.) मग वहिनीने मान वळवून सरळ माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी चारशेवर झूम केलेलं होतं. तिचे डोळे भरलेले मला इतक्या जवळून दिसले, की मीच मागे सरकले आणि ओट्यावरचा तिखटाचा डबा पाडला.

आत्या पाळण्यावर वाकली. पुन्हा ते दोन मोती. कॅमेऱ्याने तिच्या डोळ्याभोवती फोकसचा हिरवा चौकोन काढला. मी त्याचं सेटिंग पक्ष्यांवरून माणसांवर आणायला विसरले होते, तरी त्याने शुभाआत्याला लगेच ओळखलं. तिचे ओठ बाळाच्या कानापाशी गेले. ‘म’साठी मिटले.

“कावेरी!”

तो आवाज माझा होता हे मला जरा उशिरा समजलं. मधल्या जागेतली कबुतरं उडाली. खाली स्कूटर धुणाऱ्या माणसाने नळ बंद केला. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही गेला नव्हता, तो आवाज. मी एकदाच ओरडून थांबायला हवं होतं. पण एकदा सुटल्यावर थांबवेना. “कावेरी! तिचं नाव कावेरी आहे! आणि मला कोंडलंय!”

“छान नाव आहे हो,” चौथ्या मजल्यावरून एक बाई म्हणाल्या.

“कोण कोंडलंय?” खालून स्कूटरवाला.

“कावेरीला कोंडलंय,” त्याला कोणीतरी समजावलं.

समोर शुभाआत्या सरळ झाली. “कानात सांगायचं असतं ते,” ती म्हणाली. “हे काय, भाजीवाल्यासारखं?”

“कानात गेलंच की, ताई,” बाबा म्हणाले. बाबांनी आत्याला उलट उत्तर दिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. “सगळ्यांच्याच गेलं.”

म्हात्रेकाकू धावत परत आल्या. कुलूप काढताना “सवय गो बाय, हात आपोआप जातो,” असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पाठीत सणसणीत धपाटा घातला. नाव ठेवणाऱ्या आत्याला घालतात तो. मला वाटतं त्यात थोडा तिखटाच्या डब्याचाही होता.

फोटोंचं म्हणाल, तर एकच चांगला आलाय. ओरडताना दचकून मी झूम मागे घेतला होता आणि बोट बटणावरच होतं. आमच्या घराण्यातला हा एकमेव फोटो, ज्यात सगळेच्या सगळे एकाच वेळी कॅमेऱ्याकडे बघतायत. फक्त तोंडं उघडी आहेत. कावेरी तेवढी झोपलीय. दादाने तो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय आणि शुभाआत्या आली की प्रत्येक वेळी त्याच्याखाली बसून मला ऐकवते, “फोनमध्ये यापेक्षा चांगला आला असता.” बाळाला मात्र ती कावेरीच म्हणते. मंदाकिनी म्हटलं तर शेजारचे दुरुस्त करतात.

जी लेन्स मी लोक लांब राहावेत म्हणून घेतली, तिने दोन बिल्डिंगा माझ्या ओळखीच्या करून ठेवल्या. आता मानपाड्याला रिक्षातून उतरले की वरून कोणीतरी ओरडतं, “कावेरीची आत्या आली!” म्हात्रेकाकूंच्या पुतणीची हळद आहे आणि फोटो मीच काढायचे आहेत, हे मला न विचारता ठरलंय. “जागा नाय काय आमच्याकडं,” काकू म्हणाल्या. “पन तू तुज्या भावाच्या किचनमधून घे.”

म्हणून परवा मी मुकाट्याने त्याच दुकानात गेले. काउंटरवर तोच माणूस होता. मी छोटी लेन्स दाखवायला सांगितली.

“कशासाठी हवीय, मॅडम?”

मी उत्तर दिलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी परत सांगितलं, परत ऐकू गेलं नाही. शेवटी त्याने काउंटरवरून वाकून कान पुढे केला आणि मी त्यात हळूच म्हटलं, “फॅमिलीसाठी.”

आत्या झाल्यापासून मी कोणाच्या कानात सांगितलेली ही पहिलीच गोष्ट.