शांतवनरावांनी नाकारलेली भाकर

शांतवनराव नावाला जागणारे नव्हते. रविवारी उपासनेआधी ते चर्चच्या दारात उभे राहत आणि ज्यांचं आपसात वैर असेल त्यांना तिथूनच परत पाठवत. "पयले त्याच्या घरी जाय, मंग देवाच्या," असं म्हणत. मेहकरजवळच्या आमच्या लहानशा मिशनमध्ये ते पाळक होते आणि मी दवाखान्यात नर्स.

न्यायाच्या दिवसाबद्दल बोलताना आगीची, गंधकाची भीती त्यांनी कधी घातली नाही. "त्या दिवशी देव ओरडनार नाई," ते म्हणत. "काय झालं तेवढं खरंखरं सांगन. तेवढ्यानंच मानसाले पळाले जागा राहनार नाई."

आमच्या मंडळीचे पंच होते दाऊदराव. कपाशीची मोठी शेती. चर्चवरची टिनंही त्यांनीच घालून दिलेली. एका सकाळी त्यांची बायको रूथ गेली. विहिरीच्या पायरीवरून घसरली, असं दाऊदरावांनी सांगितलं आणि पोलीस पाटलानं तेच वर कळवलं. तिला शेवटची आंघोळ मी घातली. पाठभर काठीचे वळ होते, जुन्यांवर नवे. पाटलाला सांगितलं तर म्हणाला, "बाई, तुमी औषध देत जा." शांतवनराव मला घेऊन तालुक्याला ठाणेदाराकडे गेले. ठाणेदारानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला परत पाठवलं. येताना बैलगाडीच्या कठड्यावरची शांतवनरावांची मूठ तेवढी मला दिसत होती.

पुढे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या नावानं भाकर वाटून खायच्या, एका रविवारी दाऊदराव भर उपासनेत उठले. "मी मोठा पापी आहे. पण देवानं मला क्षमा केली," म्हणाले आणि हुंदके देऊन रडले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मिशनचे गोरे साहेब त्या दिवशी मुद्दाम आले होते, त्यांचेही डोळे भरले. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला.

भाकरीची थाळी घेऊन शांतवनराव दाऊदरावांसमोर थांबले.

"कोनतं पाप?"

"देवाला ठाऊक आहे."

"देवाले ठाऊकच हाय. तिथं तानीबाई बसली, रूथची माय. तिले ठाऊक नाई. तिले सांग."

तानीबाई बायकांच्या मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. दाऊदरावांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतवनराव थाळी घेऊन पुढच्या माणसाकडे गेले.

उपासना संपल्यावर साहेबांनी त्यांना बाहेर गाठलं. "पश्चात्ताप करणाऱ्याला तुम्ही हाकलता? न्याय करणारे तुम्ही कोण?"

"न्याय मी करतच नाही, साहेब," शांतवनराव साहेबांशी बोलायच्या शुद्ध भाषेत म्हणाले. "तो देवाचा आहे. पण मारलं एकीला आणि रडून दाखवलं दुसऱ्यांना, याला मी पश्चात्ताप म्हणणार नाही. तुमच्या क्षमेत ती मेलेली बाई कुठं आहे?"

अधिकार साहेबांकडे होता. नागपूरहून हुकूम आला आणि शांतवनरावांचं काम गेलं. दाऊदराव पंच राहिले. शांतवनराव बायकोला घेऊन मोताळ्याला गेले, तिथं बाजाराच्या दिवशी कपडे शिवून पोट भरू लागले. मिशनमधलं कुणी त्यांच्या घरी गेलं की दुसऱ्या दिवशी साहेबांपर्यंत बातमी पोचायची. मी जायचे. पोचली तर पोचू दे.

काही वर्षांनी दाऊदरावांना जलोदर झाला. त्यांच्या उशाशी मीच होते. कामच होतं ते. नवीन पाळक रोज येऊन त्यांच्यासाठी गोड प्रार्थना करत. तरी एक दिवस दाऊदराव म्हणाले, "शांतवनरावांना बोलवा."

ते आले. बसले नाहीत.

"पाळकबुवा, मी नरकात जाईन का?"

"मले ठाऊक नाई. तानीबाईले बोलावलं का?"

तानीबाईला आणायला गाडी गेली. म्हातारी काठी टेकत आत आली आणि खाटेपासून लांब उभी राहिली. दाऊदरावांना श्वास पुरत नव्हता. "मी मारलं तिले," ते म्हणाले. आयुष्यभर शुद्ध बोलणारा माणूस त्या घटकेला वऱ्हाडीत बोलला. "पाय घसरला नव्हता. मी मारलं."

"मले ठाऊक व्हतं," तानीबाई म्हणाली. "तुह्या तोंडून ऐकाचं व्हतं."

"माफ कर, माय."

"नाई जमत मले," ती म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

दाऊदरावांनी शांतवनरावांकडे पाहिलं. शांतवनरावांनी उशाजवळच्या ताटलीतली भाकर मोडली, प्रार्थना केली आणि त्यांच्या तोंडात घातली.

अंगणात आल्यावर मी त्यांना धरलंच. माझा राग अजून उतरला नव्हता, आजही उतरलेला नाही. "तिनं तर माफ केलं नाही. मग तुम्ही भाकर कशी दिली?"

"तिनं काऊन कराव? तिचा राग तिचा हाय. तो सोड म्हनाचा हक्क ना मले, ना साहेबाले." त्यांनी दारातल्या रांजणातून पाणी घेऊन हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. "आन भाकरीचं म्हनशीन, तं ते देवाची व्हती. माही असती, तं नसती देल्ली."