वेताळाच्या ओठांवरचं कुंकू

नातीला शाळेच्या नाटकात रक्त पिणारी हडळ व्हायचं होतं. ओठ रंगवायला तिनं माझ्या सुनेचा करंडा उघडून खोबरेलात कुंकू कालवलं आणि त्या वासासरशी मला रेवसचा शिमगा आठवला. आमचा बापूस वेताळाचं सोंग घेत होता. तोंडाला तांदळाचं पीठ, डोळ्यांभोवती काजळ, किनाऱ्यावर सापडणारा पांढरा, ठिसूळ समुद्रफेस कोरून केलेले सुळे. मी भिऊन दाराआड लपले होते. रक्तासाठी तांबडा रंग उरला नव्हता, म्हणून आईनं हसत हसत आपलंच कुंकू त्याच्या ओठांवरून हनुवटीपर्यंत ओघळवलं. दुपारी सोंग संपलं आणि बापूस तोंड धुवायला समुद्रात शिरला, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. "धुवू नका! माजं कुकू हाय ते!" ओरडतच ती धावली, मी तिच्या मागं. तोवर त्यानं बुडी मारली होती. पाण्यावर तांबूस तवंग पसरला, पण बापूस काही वर येईना. आई कमरेइतक्या पाण्यात उभी. मग लांबवर त्याचं डोकं निघालं, स्वच्छ तोंडानं हसणारं. आई हसली नाही. तिनं आधी स्वतःचं कपाळ चाचपलं. नातीच्या हातून मी करंडा काढून घेतला. "का गं आजी?" तिनं विचारलं, तेव्हा माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिथं आता काही नसतं.