सोन्याचं जावळ

परभणीच्या उन्हाळ्यात स्वतः पदराने घाम पुसत बसून पंखा कुत्र्याकडे वळवणारी बाई एकच, ती म्हणजे माझी नणंद. बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांनी जाताना सोन्या नावाचं मांजराएवढं, लांब केसांचं विलायती टेरियर तिच्या ओटीत घातलं, आणि जन्मभर शाळेत पोरींच्या वेण्या तपासलेल्या बाईला निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी लागली. रोज सकाळी शिलाई मशीनवर टॉवेल अंथरायचा, वर सोन्या उभा. केसांवर पाणी शिंपडून गुंता आधी बोटांनी सोडवायचा, मग मोठा कंगवा, मग बारीक. पाठीवर पट्टीने आखावा तसा भांग, कपाळावर रबर लावून शेंडी. तेवढ्यात दारात साक्षात कलेक्टर आला तरी त्याने थांबायचं. मला तर कायमची ताकीद, "वैनी, हळू बोला की, कान विंचरायलेय त्याचे."

यंदा ती पंधरा दिवस तापाने पडली. मी कंगवा घेऊन गेले, तर सोन्याने मला सगळे दात मोजायला दिले. ती उठेपर्यंत केसांच्या गाठी कातडीला भिडल्या. पाऊल टाकलं की तो कळवळायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आजच्या आज कापा. त्या केसांना कात्री कधी लागलीच नव्हती. तिने कात्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली, आणि आमच्या घरी येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाली, "चल, मांडी पाहिजे. पहिलं जावळ मामाच्या मांडीवर असतं."

"मी कुत्र्याचा मामा?" हे ओरडले.

"मग कुणाचा व्हायचास, दादा?"

हे उठून आत गेले. रागावले वाटलं. बाहेर आले ते इस्त्रीचा सदरा नि टोपी घालून. तिच्या घरी जाऊन पाटावर मांडी घालून बसले. सोन्याही टोपीला घाबरून शहाण्यासारखा बसला. कात्री आणि कातडीच्या मध्ये स्वतःचं बोट घालून ती एकेक गाठ कापायला लागली.

"वैनी, ताट धरा. केस तुमी झेला, मामी हाव तुमी."

माझ्या लेकाच्या जावळाला हीच अशी ताट घेऊन पुढे आली होती, आत्या म्हणून. आता त्या लेकाची पोरं कॉलेजात आहेत. तेव्हा मी बावीस वर्षांची, बीए झालेली, दीडशहाणी. मूलबाळ नसलेल्या बाईचा हात नको, असं कुणीतरी कानात सांगितलं आणि मला ते लगेच पटलं. "ताई, तुम्ही आत चहाचं बघता का?" मी म्हणाले. तिने चहा फार छान केला होता.

"नीट धरा, वैनी, केस खाली सांडायलेत," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी धरलं.