उलट्या गियरची गाडी, कोंडाईबारीपर्यंत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. विश्वास होता तो स्वतःच्या मेकॅनिकीवर... दोहोंत जास्त घातक काय, ते तुम्हीच ठरवा.

नव्वदच्या दशकातली एक दिवाळी. सुरतेतलं लिंबायत. कापडाचे लूम बंद, अर्धी गल्ली खानदेशात गेलेली, गॅरेजांना कुलपं. डॉक्टरांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी पाठवलेलं – "आता खावंसं वाटेल ते द्या." आबांना खायला काही नको होतं. कोंडाईबारीच्या घाटापलीकडे, दहिवेलजवळच्या आमच्या गावात डोळे मिटायचे होते, बस्स. आणि माझ्या जुन्या अॅम्बेसेडरचं डिफरन्शियल – मागची चाकं फिरवणारा गियरचा गोळा – नेमकं तेव्हाच बसलं.

भंगारातून दुसरं आणलं. दारातच गाडी जॅकवर चढवली, एक्सल ओढले, गोळा बसवला, ऑइल भरलं. छाती फुगवून आबांना मागच्या सीटवर निजवलं, पहिला गियर टाकला... आणि गाडी मागे! थेट शेजारच्या गुलाबच्या पाण्याच्या पिंपावर.

"भाऊ, तुनी गाडी ते मांगे पळस!" गुलाब पोट धरून हसला. "आते तोंड फिराई बस नि जाय गावले!"

मी पठ्ठ्यानं गोळा उलटा बसवला होता. वरची बाजू खाली. म्हणजे चारही गियर मागे नेणार, आणि रिव्हर्स तेवढा पुढे. पुन्हा उघडायचं तर दिवस जाणार, आणि आबांकडे दिवस होता कुठे? त्यांना उतरवायला गेलो, तर त्यांनी दार घट्ट धरलं.

"आबा, गाडी पुढे जास नही."

"जाई. टाक पहिला."

त्यांची समजूत पटावी म्हणून टाकला... गाडी पुढे निघाली. गुलाबचं हसू तोंडातच राहिलं.

पर्वत पाटिया, कडोदरा, बारडोली, नवापूर – चौथ्या गियरवर, लोण्यासारखी. थांबून खाली वाकून बघायची माझी हिंमत नव्हती. घाट आला का, ते आबा मधूनमधून विचारत, "घाट उना का?"

"येई आबा, येई."

कोंडाईबारीच्या पायथ्याशी इंजिन तापलं. पाणी घालून आत बसलो. म्हटलं, "आबा, घाट उना."

मागे वळलो. आबांनी डोळे मिटले होते.

बऱ्याच वेळानं पहिला टाकला. गाडी मागे गेली. दुसरा टाकला – मागेच.

शेवटी रिव्हर्स टाकला. अख्खा घाट मी रिव्हर्स गियरवर चढलो – तोंड पुढे, गाडी पुढे, बैलगाडीच्या वेगानं, घरघरत. ट्रकवाले शिव्या देत होते. एकजण खिडकीपर्यंत वाकून ओरडला, मागच्या सीटकडे त्याची नजर गेली, आणि त्यानं हात जोडले.

दहाव्यानंतर साक्रीच्या मेकॅनिकनं गोळा उघडला. "हा तर उलटाच आहे. सुरतेहून गाडी उचलून आणली का?"

"चालवत आणली," मी म्हणालो. आजही कुणाला पटत नाही. गुलाब साक्षीला आहे, पण तो हल्ली विषयच बदलतो. मला फक्त एकच विचारायचंय, कोणाला ते माहीत नाही... आबांना इतकं आणलं होतं, मग पुढे एक घाटच तर राहिला होता ना?