खळ्यातली मेढ

धानोऱ्याच्या त्या म्हातारीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पहाटे स्टेशनाकडे जाणाऱ्या बैलगाडीची वाट पाहत मी तिच्या खळ्यावर उभा होतो. मधल्या खांबाला, मेढीला बांधलेले बैल ज्वारीच्या कणसांवरून गोल फिरत होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तरी ती बैलाची शेपटी धरून ठाम पावलांनी मागे चालत होती.

दक्षिणेला आकाशगंगा दाट झाली होती. कॉलेजात नुकतंच ऐकलेलं मला कुणाला तरी सांगायचंच होतं. "आजी, हे सगळे तारे एका मध्याभोवती फिरतात. पण तो वायू नि धुळीच्या ढगांआड आहे. कुणालाच दिसत नाही."

तेवढ्यात तिचा मुलगा आला.

"माय, घर जाय आते. तुले मेढबी दिसत नही."

"नही दिसत ते काय व्हयनं? बैल फिरी ऱ्हायनात ना? मंग मेढ शे!"

मेढ आहेच, हे उत्तर तिनं एकट्या मुलाला दिलं असं मला वाटलं नाही. तो मात्र बाहेर सांडलेली कणसं आत लोटू लागला.

उजाडताना गाडी आली. थोडं पुढे गेल्यावर मी वळून पाहिलं. धुराळ्यात म्हातारी दिसेना. बैल फिरत होते.