तीन पांढऱ्या, एक लाल

शिरूर तालुक्यातल्या ज्या कॉलेजात मी जनुकशास्त्र शिकवते, तिथं यीस्टवर काम करणारी मी एकटीच. यीस्ट उपाशी ठेवलं की एकेका पेशीची इवली थैली होते आणि तिच्यात चार बीजाणू तयार होतात. त्याआधी दोन्ही पालकांकडून आलेली गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. ती अदलाबदल हाच माझा प्रकल्प. लाल आणि पांढऱ्या यीस्टची जोडी लावायची, सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं थैली फोडायची, चार बीजाणू एका ओळीत मांडायचे आणि चार दिवसांनी वसाहती बघायच्या. दर ओळीत दोन लाल, दोन पांढऱ्या यायला हव्यात.

प्लेटा ओतायचं, म्हणजे यीस्टचं पातळ खाद्य चपट्या बश्यांत ओतून गोठवायचं काम मामांचं. मामा आमचे लॅब अटेंडंट, मेंढरं राखणाऱ्या घरातले, इनामगावचे. प्लेट ओतताना ते श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे. नोकरी कंत्राटी, दरवर्षी माझ्या शेऱ्यावर ती पुढं चालू राहायची.

एका सकाळी त्यांनीच मला बोलावून प्लेट दाखवली. "मॅडम, ह्या वळीत तीन पांढऱ्या हायत. येकच लाल."

हवेतलं रानटी यीस्टही पांढरंच असतं. मी म्हणाले, घाण गेली, तुमचं लक्ष नाही. त्यांनी सगळं पुन्हा धुतलं, उकळलं, नव्या प्लेटा ओतल्या. तरी मधूनच एखादी तीन-एकची ओळ यायचीच. अहवाल तोंडावर आलेला, माझा पारा चढलेला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं झालं होतं. शेऱ्यात मी लिहिलं, कामात स्वच्छता नाही. मामांचं कंत्राट संपलं. प्लेटांचं खाद्य वाफेवर निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचं रबर सैल झालंय, बदलून घ्या, एवढं सांगून ते गेले.

दोन महिन्यांनी माझ्या जुन्या गाइडनी फोनवर विचारलं, त्या ओळींतली बाकीची जनुकं तपासलीस का? बाहेरचं यीस्ट असतं तर तीही विस्कटलेली दिसली असती. दोन दिवसांचं काम होतं, मी केलंच नव्हतं. केलं, तर बाकीची जनुकं नेमकी दोन-दोन. म्हणजे तिसरी पांढरी थैलीतलीच होती. अदलाबदलीच्या वेळी गुणसूत्र तुटतं आणि सांधताना कधीकधी जोडीदाराची नक्कल उतरवून घेतं. मग लाल व्हायचा तो बीजाणू पांढरा होतो. याला जीन कन्व्हर्जन म्हणतात. मी हे दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते, परीक्षेत त्यावर प्रश्न घालते. पण चुकले याची मला फारशी लाज वाटत नाही. चुका होतात.

त्या ओळी मी एका परिषदेत दाखवल्या, शाबासकी घेतली आणि प्राचार्यांपाशी मामांबद्दल अवाक्षर काढलं नाही, याची लाज वाटते. मी दौंडला राहते. कॉलेजला एसटीनं जाता-येता रोज इनामगावचा फाटा लागायचा आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालायचे. असे आठ महिने काढले.

शेवटी एका रविवारी उतरले. मामा आता रांजणगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासत होते. त्यांनी मला ओसरीवर बसवलं. मी सांगून टाकलं, प्लेटा स्वच्छ होत्या, चूक माझी होती, प्राचार्यांना तसं लेखी देईन.

मामा म्हणाले, "म्हंजी माझ्या हातनं न्हवतं झालं?"

घरी त्यांनी सांगून ठेवलं होतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार, मॅडम उगाच कशाला लिहितील. हे ऐकून मला मान वर करवेना.

"कवा कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मागच्या आठवड्यात," मी म्हणाले.

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी मामींना बाहेर बोलावलं. "आगं, माझी चूक न्हवती. आन् कळलं तशा मॅडम सवता आल्या सांगायला."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मग डोळे पुसत आत गेल्या आणि ओटी भरायला तांदूळ घेऊन आल्या. मी पदर पुढं केला.