गुडघेदुखीची चिठ्ठी

आदिलाबादच्या एका दवाखान्यात मुरगळलेला हात घेऊन मी हाडांच्या डॉक्टरांच्या रांगेत बसले होते. शेजारच्या सत्तरीतल्या आजोबांनी तेलुगूतली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "पोरी, वाचून सांग."

आमच्या घरात कॉलेजात पोहोचलेली मी पहिलीच. वाचायला सांगितलं की मला नाही म्हणवत नाही.

"गुडघेदुखी लिहिलंय, आबाजी."

त्यांनी पलीकडे बसलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं. "रक्तात प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय निघाला, अन् तू गुडघे सांगून आला?"

"बाबा, हळू बोला. पोरगी बसली हाये. तिथं कपडे काढाले लावतात."

"काढीन! लाज घेऊन सरणावर चढू काय? अजून लय जगाचं हाये मले."

मला खाली बघावंसं वाटलं, पण मी बघितलं नाही. धोतर सावरत ते चिठ्ठ्या देणाऱ्या खिडकीशी गेले, खणखणीत आवाजात लघवीचा त्रास सांगितला आणि नवी चिठ्ठी घेतली. मग पलीकडच्या रांगेपाशी जाऊन विचारलं, "प्रोस्टेटवाले इथंच का?"

रांगेतले म्हातारे आपापल्या पायांकडे पाहू लागले.

"लाजता काऊन? सांगा न, शेवटचा कोण?"

"मी," एकजण हळूच म्हणाला आणि बाकावर सरकला.